उंबऱ्यावर न रडणारं पोर

सकाळी मूल माझ्या हातात आलं की मी आधी त्याच्या तोंडाजवळ नाक न्यायचे. आयांना वाटायचं, काकूंना किती माया! माया नंतर. आधी मी खोकल्याच्या औषधाचा वास येतोय का ते बघायचे. रात्रभर किरकिर केलेलं पोर दिवसा पाळणाघरात गुमान झोपावं म्हणून चमचाभर औषध पाजून आणणारे आईबाप मी पाहिलेत, आणि ते चांगले शिकलेसवरलेले, गाडीतून येणारे होते. तेव्हापासून पेंगुळलेलं मूल मी विचारपूस केल्याशिवाय हातात घेतलेलं नाही.

राजारामपुरीत आमच्याच घराच्या तळमजल्यावर मी बरीच वर्षं पाळणाघर चालवलं. अलीकडे गुडघ्यांनी असहकार पुकारला, जमिनीवर बसलं की उठता येईना, तेव्हा बंद केलं. या अंकाच्या संपादिकाबाईंचा मुलगा माझ्याकडेच लहानाचा मोठा झाला. त्या म्हणाल्या, "काकू, पाळणाघरातल्या गोड आठवणी लिहा." मी म्हटलं, गोड आठवणी तुमच्याकडे असतील, तुम्ही पोराला सोडून निघून जात होता. माझ्याकडे आहेत त्या संशयाच्या. चालत असतील तर लिहिते. त्या हसल्या, म्हणजे चालत असाव्यात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, या कामात अवघड काय, तर शी-शू, भरवणं आणि रडारड. ते सगळं हाताच्या सवयीचं होतं. रडणाऱ्या मुलाला तर त्याच्या आईची गाडी गल्लीचं वळण घ्यायच्या आत मी गप्प करायचे, अशी माझी ख्याती होती आणि मला तिचा अभिमान होता. अवघड असते ती उंबऱ्यावरची देवघेव. सकाळी घेताना मूल कसं आलंय ते बघायचं, संध्याकाळी देताना कुणाच्या हातात देतोय ते बघायचं. मधले तास मी आणि मालन निभावून नेत होतो. मालन म्हणजे माझी मदतनीस, माझ्याच वयाची, आवाज असा की कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यानं दचकावं. पण उंबऱ्यावर मी तिला कधी उभी केली नाही. तिचा माणसांवर पटकन विश्वास बसतो.

तो का बसू द्यायचा नाही, हे मला एका बापानं शिकवलं. भर दुपारी एक देखणा तरुण आला. हातात फुगा आणि पेढ्यांचा बॉक्स. "आज बर्थडे हाय पोरीचा, जरा लवकर नेतो म्हटलं." पोरगी त्याला बघताच माझ्या कडेवरून अशी झेपावली की माझ्या पदराचं टोक तिच्या मुठीत राहिलं. मालन म्हणाली, "द्या की वो, बाप हाय." मी आधी आईला फोन लावला, तर ती पलीकडून किंचाळलीच. नवराबायकोचं फिसकटलेलं होतं, ती पोरीला घेऊन माहेरी आली होती आणि यातलं काहीही आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. वाढदिवसही नव्हता. मी त्याला म्हटलं, "पावणं, फुगा ठेवून जावा. पोरगी न्हाय मिळायची." तो बराच वेळ गेट धरून उभा राहिला आणि मग पेढे तिथेच ठेवून गेला. तो वाईट माणूस होता की नुसता पोरीवाचून तळमळत होता, हे मला अजून कळलेलं नाही. कधीकधी वाटतं, निदान दोन मिनिटं माझ्यासमोर तिला घेऊ द्यायला हवं होतं. पण तेव्हा मी घाबरले होते.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट पक्की केली. बाळ झेपावलं म्हणून माणूस त्याच्या हक्काचा ठरत नाही, आणि बाळ किंचाळलं म्हणून परका ठरत नाही. कारण माणसाला कसं धरायचं, हे प्रत्येक घर बाळाला आपापल्या रीतीनं शिकवत असतं.

जर्मनीहून परत आलेलं एक जोडपं होतं. त्यांचा मुलगा पहिल्यापासून वेगळ्या खोलीत एकटा झोपायचा. आमच्याकडे मी थोपटायला लागले की रडायचा. मालन गाणं म्हणायला लागली की आणखी रडायचा, पण त्यात त्याची चूक नव्हती. वैतागून त्याला कोपऱ्यातल्या चटईवर एकट्याला ठेवून दिलं, तर अंगठा तोंडात घालून शांत झोपला. मला वाटलं, या बाईनं पोराला कधी जवळ घेतलंय की नाही कोण जाणे! आठवडाभर मी तिच्यावर पाळत ठेवली. संध्याकाळी आली की ती फरशीवर बसायची, त्याच्या डोळ्यांत बघून त्याला दिवसभराची सगळी हकीकत विचारायची, जसा काही तोच ऑफिसातून आलाय. तोही तिच्या गळ्यात पडायचा. मायेत खोट नव्हती, पद्धत वेगळी होती, आणि माझा आठवडा फुकट गेला.

त्याच सुमारास मागच्या गल्लीतल्या खानावळीत पोळ्या करायला ओडिशाची एक बाई आली. नवरा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीला. तिचं पोर जन्मापासून तिच्या अंगाला चिकटलेलं. जमिनीवर ठेवलं की फरशी तापल्यासारखं ओरडायचं. ते आजारी असेल म्हणून मी ताप बघितला, पोट दाबून बघितलं, कान बघितले. काही नव्हतं. शेवटी मी तिला तिची अंगावरची, न धुतलेली साडी आणायला सांगितली आणि ती अंथरून त्यावर त्याला निजवलं. साडीत नाक खुपसून ते झोपलं. हा या धंद्यातला जुना उपाय आहे, कुणाला लागला तर वापरावा. ती बाई दुपारी पोराला पाजायला यायची. एकदा कोपऱ्यात एकट्या झोपलेल्या जर्मनीवाल्या पोराकडे बघून तिनं मला हळूच विचारलं, "दीदी, इसका माँ नहीं है क्या?" इकडे जर्मनीवाली मला विचारायची, त्या बाळाला काही त्रास आहे का, ते सारखं कुणाला तरी चिकटलेलं का असतं? दोघींनाही एकमेकींच्या पोरांची काळजी. मी दोघींना चहा दिला.

मधे एकदा पाळणाघरवाल्यांचं प्रशिक्षण झालं. पुण्याहून एक बाई आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, परदेशात बाळाची माया अशी तपासतात: आई बाळाला अनोळखी बाईजवळ ठेवून खोलीबाहेर जाते, थोड्या वेळानं परत येते आणि तेवढ्यात बाळ काय करतं ते बघतात. कुठल्या देशातली बाळं फारशी रडत नाहीत, तर कुठल्या देशातली इतकी रडतात की तपासणी आवरती घ्यावी लागते. मी हात वर केला. म्हटलं, "ज्या बाळाला अनोळखी म्हणजे काय तेच माहीत नाही, त्याचं काय करायचं? आमच्या गडहिंग्लज भागातली शेतकरी घरातली पोरं दारात आलेल्या कुणाच्याही मांडीवर जाऊन बसतात." बाई म्हणाल्या, प्रश्न चांगला आहे, चहानंतर बघू. चहानंतर राहून गेलं. पण त्यांचं एक वाक्य मी उचललं. आई जाताना बाळ काय करतं यापेक्षा ती परत आल्यावर काय करतं, ते बघा. पुढे विराज आला तेव्हा मी तेच बघत बसले.

विराज दीड वर्षाचा असेल. आई सुजाता एका खासगी दवाखान्यात नर्स, ऑपरेशन थिएटरला. बाप शिरोलीला सुपरवायझर. गडहिंग्लजच्या पलीकडचं गाव, मोठं एकत्र कुटुंब. तिथून नुकतेच येऊन आमच्या जवळच दोन खोल्या घेऊन राहिले होते. पहिल्या दिवशी तिनं त्याला स्कूटरवरून उतरवून उंबऱ्यावर उभं केलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. "ह्यो विराज. रडायचा न्हाय." ना तिनं त्याला जवळ घेतलं, ना डोक्यावरून हात फिरवला.

आणि तो खरंच रडला नाही. माझ्याकडे आला, माझ्याकडून मालनकडे गेला, मालनकडून दूधवाल्याच्या कडेवर गेला. आई निघून जात होती तिकडे त्यानं वळूनही बघितलं नाही. मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. नाचणीच्या सत्त्वाचा होता. डोळे लख्ख उघडे होते.

न रडणारं पोर आलं की मालन खूश व्हायची आणि मी सावध. रडून काही उपयोग होत नाही, हे कळलेली पोरंही रडत नाहीत.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा मी दाराआड उभी राहून बघत होते. त्यानं मान वर केली, आईला बघितलं आणि पुन्हा डब्यात डबे घालायला लागला. तिनंही हात पुढे केले नाहीत. नुसतं "चल" म्हणाली आणि दुसऱ्याची वस्तू सांभाळून न्यावी तसं त्याला नेलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. एकदा तो तिला "वैनी" म्हणालेलं मी ऐकलं. पण त्यात मला काही वाटलं नाही. आमच्या लहानपणी निम्मी पोरं आईला वहिनीच म्हणायची, घरातले बाकीचे म्हणतात तसं.

मग एके सकाळी तिनं मला बाजूला घेतलं. "काकू, ह्येला माझ्या न्हायतर ह्यांच्या हातात द्यायचा. गावाकडनं कोण बी आलं तरी द्यायचा न्हाय."

"का ग? काही भांडण आहे?"

"भांडान न्हाय. द्यायचा न्हाय एवढंच." हे ती माझ्याकडे न बघता, पायातल्या चपलेकडे बघून म्हणाली.

त्यातच मला भिंतीचा शोध लागला. ती पोराला सोडून गेल्यावर स्कूटर सुरू झाल्याचा आवाज लगेच येत नाही, हे माझ्या लक्षात आलं. वरच्या गॅलरीतून डोकावले, तर बाईसाहेब आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून उभ्या. हेल्मेट हातात, कान भिंतीकडे. पाच-दहा मिनिटं तशीच उभी राहिली आणि मग गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. माझं डोकं फिरलं. मी लोकांवर संशय घ्यायचा, हे ठीक. माझ्यावर कुणी घेतला तर ते मला अजिबात खपत नाही. मी मुलांना मारते की काय, हे ऐकायला थांबते ही? मी मालनला बजावलं, सकाळी जरा हळू बोलत जा. तिनं हळू बोलायचा प्रयत्न केला, पण त्यानं मुलंच घाबरली, म्हणून सोडून दिला.

पण मला खरं छळलं ते केळ्यानं. सकाळी खाऊच्या वेळी आम्ही मुलांना केळं द्यायचो. विराज अर्धं खायचा आणि उरलेलं अर्धं डाव्या बाजूला धरायचा. कुणाला देतोय असं बघायला जावं, तर तिथे कुणीच नसायचं. हात त्याच्याच उंचीला असायचा आणि तो वाट बघायचा. कुणी घेतलं नाही की तो तुकडा चटईवर डावीकडे नीट ठेवून द्यायचा. झोपतानाही तसंच, चटईच्या उजव्या काठाला अंग चोरून झोपायचा आणि डावीकडची जागा मोकळी.

मी मालनला म्हटलं, "याच्या शेजारी कुणीतरी असायचं."

"कोन?"

"याच्याएवढंच पोर."

संध्याकाळी मी सुजाताला सहज म्हणून विचारलं, घरात अजून कुणी लहान आहे का? "न्हाय. ह्यो एकटाच." उत्तर फार पटकन आलं आणि तिचा चेहरा उतरला. त्या रात्री मला झोप लागली नाही. जुळं असणार. मग दुसरं कुठे आहे? आणि ते लपवावं का लागतंय? ते दुसरं पोर मुलगी असेल तर? असले प्रश्न माझ्या मनात आले, याची मला लाज वाटते. पण ते ज्या कारणानं आले, त्याची लाज सगळ्यांनाच वाटायला हवी. मालनला सांगितलं, तर तिनं तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मी सुजाताकडे बघून हसणं बंद केलं.

असे थोडे दिवस गेले आणि एका सकाळी, मुलांना खाऊ देत होतो तेव्हा, गेट वाजलं. डोईवर पदर, एसटीच्या प्रवासानं चुरगळलेली साडी, खांद्याला पिशवी, अशी एक बाई आत येऊन पायरीशी उभी होती. तिच्या कडेवर एक मुलगी होती, विराजच्याच वयाची. तेच कपाळ, तशीच हनुवटी, मनगटात तसाच काळ्या मण्यांचा दोरा.

"विराजला न्यायला आलोय," ती म्हणाली. "मी सुजाताची थोरली जाऊ. आक्का म्हनत्यात मला."

"आणि ही कुणाची?"

तिनं एकदा पोरीकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "आमचीच की."

माझी म्हणाली नाही, आमची म्हणाली. मी ते मनात टिपून ठेवलं. "कशाला न्यायचंय विराजला?"

"जोतिबाला जावळ काढायचं हाय. दोघांचं संगट काढायचं बोललोय देवाला. मालक स्टँडवर थांबल्यात, डोंगराची गाडी धराय पायजे."

"सुजाताला माहीत आहे?"

"फोनच उचलत न्हाय ती माझा." तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "गावातनं आल्यापास्नं न्हाय उचलला."

मी सरळ सांगितलं, आईनं बजावलंय, मुलगा मिळणार नाही. ती चिडली नाही, ओरडली नाही, त्यामुळे माझा संशय आणखी वाढला. "बाई," ती म्हणाली, "पोरगं माझ्या अंगाखांद्यावर वाढलंय. माझं दूध पिलंय त्येनं." मी म्हटलं, असेल. पण मला एकच आई माहीत आहे, जी सकाळी त्याला इथे सोडून जाते. त्यावर ती पोरीला मांडीवर घेऊन पायरीवर बसली.

तिचा आवाज आत गेला होता. विराज हातात केळं घेऊन दुडदुडत दाराशी आला. तो पुढे जाणार तेवढ्यात मी जाळीचं दार ओढून घेतलं. झेपावणाऱ्या बाळावर माझा विश्वास नाही हे सांगितलंच आहे. पण तो झेपावला नाही. जाळीला नाक लावून उभा राहिला. पलीकडून ती मुलगी आक्काच्या मांडीवरून उतरली आणि जाळीपाशी, त्याच्या डाव्या हाताला येऊन बसली. विराजनं केळं मोडलं आणि अर्धा तुकडा जाळीतून बाहेर धरला. तिनं तो घेतला आणि खाल्ला.

मालन तिथेच पदर डोळ्याला लावून उभी राहिली. माझं मात्र पक्कं झालं: जुळीच आहेत. मी दवाखान्यात फोन करून निरोप ठेवला, सुजाता थिएटरमधून बाहेर आली की तिला ताबडतोब पाठवा, गावाकडची माणसं आलीत. मग आक्काला आणि पोरीला व्हरांड्यात सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि मधे खुर्ची टाकून बसले. जाळीची कडी माझ्या पाठीशी होती.

सुजाता आली ती दवाखान्याच्या कपड्यांतच, मास्क गळ्यात लोंबत. गेटमधून आक्का दिसली आणि तिचे पाय थांबले. मी मान वळवून विराजकडे बघत होते, आता हा कुणाकडे जाईल? आणि त्याच वेळी ती पोरगी उठली. दोन्ही हात वर करून, रडत, ठेचकाळत सुजाताकडे धावली आणि तिच्या गुडघ्यांना मिठी मारली.

सुजातानं हेल्मेट टाकून दिलं. पोरीला उचललं, छातीशी धरलं, तिचे गाल, डोळे, कपाळ, जिथे मिळेल तिथे मुके घेतले. पोटच्या पोराला माझ्यादेखत एकदाही जवळ न घेतलेली ही बाई! मी उठले. "सुजाता," मी म्हटलं, "आता खरं सांग. ही तुझी मुलगी आहे ना?"

"न्हाय काकू," ती रडत म्हणाली. "ईश्वरी आक्कांची हाय."

"माझीच हाय," आक्का व्हरांड्यातून म्हणाली. "पर झोपायची हिच्याजवळ. ही गेल्यापास्नं नीट जेवंना झालीया."

मी काही न कळून खुर्चीत बसले. मग आक्कानंच सांगितलं. दोघी जावा थोड्या दिवसांच्या अंतरानं बाळंत झाल्या. घरात सासू-सासरे जुन्या वळणाचे. त्यांच्यादेखत आपलं पोर आपण उचलायचं नाही, लाड करायचे नाहीत. केले तर म्हणणार, हिलाच काय पोर झालंय? "मग हिचं मी उचलायचं, माझं हिनं उचलायचं," आक्का म्हणाली. "दूध बी तसंच. जी घरात आसंल तिनं दोघास्नी घ्यायचं. ही ड्यूटीवर, मग विराज माझ्याकडं जास्ती."

ही रीत मला माहीत नव्हती, असं नाही. माझ्या वडिलांनी त्यांच्या आईसमोर मला कधी कडेवर घेतलं नाही, हे मी लहानपणी पाहिलंय. पण थिएटरमध्ये डॉक्टरांच्या बरोबरीनं उभ्या राहणाऱ्या, स्कूटर चालवणाऱ्या पोरीच्या घरी ती अजून चालू असेल, एवढा एकच संशय मला आला नव्हता. आणि मीही तिच्या सासूच्याच वयाची. माझ्या उंबऱ्यावर तिनं त्याला कधी जवळ घेतलं नाही, त्याचं कारण माझे पांढरे केस होते.

"रात्री उठला तरी आक्कांकडंच जायचा," सुजाता म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती, पण बघत आक्काकडे होती. "मी हात पुढं केला तरी. मला वैनी म्हनतोय. म्हटलं, हिकडं आनला, आमी तिघंच ऱ्हायलो, की माझा होईल. कुठला होतोय! सगळी पोरं आईच्या मागं रडत्यात काकू. हितं सकाळी बघतोय की मी. वाटतंय, आज तरी रडंल. रोज त्या भिंतीआड थांबतोय. ह्यो रडतच न्हाय."

मालननं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

आक्का उठली. सुजाताच्या हातातून ईश्वरीला घेतलं. मला म्हणाली, "बाई, कडी काढा." मी काढली. विराज बाहेर आला आणि दोघींच्या मधे उभा राहिला.

"उचल त्येला," आक्का म्हणाली.

सुजातानं सवयीनं अंगावरचे कपडे सारखे केले. एकदा आक्काकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"उचल की. माझ्या देखत उचल. तुझं पोर हाय. हितं कोन सासू बसलीया?"

"उचला की वो!" मालन ओरडली, आणि कोपऱ्यावरचा भाजीवाला नक्की दचकला असणार.

सुजातानं त्याला उचललं. तो काही तिला बिलगला नाही. तिच्या गळ्यातला मास्क ओढून बघितला, तोंडात घातला, आणि केळ्याचा हात तिच्या कपड्यांना पुसला. ती तशीच उभी राहिली, अवघडून, पहिल्यांदाच बाळ हातात दिल्यासारखी. मग म्हणाली, "आक्का, मी बी येतो डोंगरावर. अर्धी रजा टाकतो."

"तुला सोडून काडतोय व्हय जावळ?" आक्का म्हणाली. "फोन उचलला असतास तर बोललो असतो न्हवं?"

सगळे निघाले. तरीही गेट उघडायच्या आधी मी विराजच्या बापाला शिरोलीला फोन लावला आणि पत्ता त्यानंच दिल्याची, सगळं खरं असल्याची खात्री करून घेतली. आक्का खो खो हसली. हसू दे.

पुढचे काही दिवस आक्का त्यांच्याकडेच राहिली, ईश्वरीला घेऊन. त्यानंतर असं ठरलं, की सुट्टीला यांनी गावी जायचं, नाहीतर त्यांनी इकडे यायचं. हे मला मालननं सांगितलं; मी चौकशी केली नव्हती, तिला करायला लावली होती.

आक्का गावी परतल्यावर पहिल्याच सकाळी सुजाता आली. विराज तिच्या कडेवर होता. डोकं गुळगुळीत, कानामागे अजून जोतिबाचा गुलाल. उंबऱ्यावर तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्यादेखत त्याच्या तुळतुळीत डोक्याचा मुका घेतला आणि त्याला माझ्या हातात दिलं. मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. सवय ती सवय. ती वळली, तर ओढणीचं टोक त्याच्या मुठीत होतं. तिनं ते हळूच सोडवलं आणि गेटबाहेर गेली.

आणि विराज रडला. आधी ओठ काढला, मग श्वास धरला, आणि मग असा मोठ्यांदा रडला की आतली बाकीची मुलंही घाबरून गप्प झाली. त्याचा रडका आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. मालन खुळखुळा घेऊन आतून धावत आली. मी तिचा हात धरला.

"थांब," मी म्हटलं. "जरा रडू दे त्याला."

भिंतीपलीकडे स्कूटर अजून सुरू झाली नव्हती. तो माझ्या खांद्यावरून गेटकडे हात करून रडत राहिला आणि मी त्याला तशीच घेऊन, त्याच्या पाठीवर हातही न फिरवता, भिंतीच्या जवळ जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळानं पलीकडून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला, मग स्कूटर सुरू झाली. तिचा आवाज गल्लीच्या वळणावर विरला, तेव्हा कुठे मी त्याला थोपटायला लागले.